बाहेरची हार्ड डिस्क: कधी झोपू द्यायची, कधी जागी ठेवायची

रात्री घरातली सगळी टीव्हीसमोर बसली आहेत, बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ लावला आहे. कुणीतरी चहासाठी पॉज केलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा प्ले दाबलं, तर चित्र जागच्या जागी थिजलेलं. आठ-दहा सेकंद काहीच हललं नाही. मग टीव्हीमागच्या काळ्या डबीतून आधी बारीक 'टिक्' आणि पाठोपाठ चढत जाणारी घूं ऐकू आली. हार्ड डिस्क झोपली होती, आता ती उठत होती.

ज्यांच्याकडे आत चकती फिरणारी एक्सटर्नल हार्ड डिस्क आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तुमच्या डबीत एसएसडी असेल तर तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे यातलं काही तुम्हाला लागणार नाही. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल. चार-पाच ओळींच्या फाइली आहेत आणि प्रत्येक ओळ का लिहायची ते मी सांगणार आहे.

एक गोष्ट आधी ठरवून घेऊ. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत, आकडेही रोमन, आणि मी 'मोठं अक्षर' म्हणेन तेवढं सोडून बाकी सगळं छोट्या अक्षरांत लिहायचं. जिथे स्पेलिंग चुकण्यासारखं आहे तिथे अक्षरं फोडून सांगितली आहेत.

झोप म्हणजे काय

डिस्क झोपते तेव्हा चकत्या थांबतात आणि त्यांच्यावर तरंगणारी, माहिती वाचणारी-लिहिणारी हेडं बाजूच्या उतारावर जाऊन बसतात. सर्किटला वीज चालूच असते. तुम्ही एखादी फाइल मागितली की मोटर पुन्हा शून्यापासून वेग घेते. बऱ्याच पोर्टेबल डिस्कचा वेग मिनिटाला ५४०० फेऱ्या असतो. तिथवर पोचायला काही सेकंद लागतात, तीच तुमची थिजलेली स्क्रीन.

झोपेत वीज वाचते, डबी गार राहते, खोलीत शांतता असते. म्हणजे झोप वाईट नाही. वाईट आहे ते सारखं झोपणं आणि सारखं उठणं. उठताना मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते आणि यांत्रिक झीजही याच क्षणाला होते. अनेक ३.५ इंची डिस्कच्या माहितीपत्रकात चालू-बंद होण्याची मर्यादा ५०,००० वेळा अशी दिलेली असते. हिशेब करा: डिस्क दर पाच मिनिटांनी झोपते आणि लगेच कुणीतरी तिला उठवतं, तर दिवसाला २८८ वेळा. सहा महिने व्हायच्या आत ५०,००० संपतात. तीच डिस्क दिवसातून चारदाच झोपली तर वर्षाला १,४६० वेळा, म्हणजे ती मर्यादा गाठायला तीस वर्षांहून जास्त लागतील.

म्हणून स्क्रिप्ट लिहिण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही डिस्क दिवसातून किती वेळा लागते? बॅकअपची डिस्क रात्री एकदाच लागते, तिला उरलेला दिवसभर झोपू द्या. ज्या डिस्कवर तुम्ही सकाळपासून फोटो एडिट करताय तिला काम संपेपर्यंत जागी ठेवा. सिनेमांच्या डिस्कला अर्धा-एक तासाची मुदत द्या. सगळ्या डिस्कना एकच नियम लावण्यातून निम्म्या तक्रारी जन्माला येतात.

आधी घड्याळ लावा

डिस्क जोडा, एक फाइल उघडा, बंद करा आणि फोनवर स्टॉपवॉच सुरू करा. मग त्या डिस्कला हात लावू नका, पण बोट मात्र डबीवर ठेवा. २.५ इंची डिस्क फिरत असते तेव्हा बोटाखाली बारीक थरथर जाणवते. ती थांबली की वेळ लिहून ठेवा. हेच तीन वेळा करा.

तिन्ही वेळा आकडा जवळपास सारखा आला तर कुणीतरी टायमर लावलेला आहे. हा टायमर तीन ठिकाणी असू शकतो: ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, डबीतल्या यूएसबी-साटा चिपमध्ये (डिस्क आणि यूएसबी केबल यांच्यातला दुभाषा), किंवा खुद्द डिस्कच्या आत. शोधायचंही याच क्रमाने. विंडोजमध्ये प्लगवर असताना नेहमीची मुदत २० मिनिटांची असते. तुमचा आकडा त्याच्या आसपास असेल तर संशय विंडोजवर घ्या. दहा किंवा पंधरा मिनिटं आली आणि विंडोजची सेटिंग बदलूनही काही फरक पडला नाही, तर बहुतेक वेळा ती चिप असते.

आकडे सारखे आलेच नाहीत, डिस्क मध्येच झोपते आणि मध्येच आपोआप उठते, असं असेल तर टायमरच्या जोडीला तिला कुणीतरी ढोसतंय. अँटीव्हायरस, फाइलींची शब्दसूची करणारी सर्च सेवा, फोटोंचं अ‍ॅप यांपैकी कुणीही असू शकतं. त्यांना या डिस्कपासून दूर ठेवल्याशिवाय झोपेची कुठलीही स्क्रिप्ट उपयोगाची नाही.

विंडोज

स्टार्टमध्ये सीएमडी शोधून काळी खिडकी उघडा आणि ही ओळ लिहा:

पॉवरसीएफजी /चेंज डिस्क-टाइमआउट-एसी ०

पॉवर हा शब्द आणि त्याला चिकटून सी, एफ, जी. शेवटचा आकडा मिनिटांचा आहे आणि शून्य म्हणजे कधीच झोपवू नको. लॅपटॉप बॅटरीवर असतानाची मुदत वेगळी असते, तिच्यासाठी हीच ओळ 'एसी'च्या जागी 'डीसी' घालून लिहायची. ही मुदत सगळ्या डिस्कना लागू होते, एकट्या बाहेरच्या डिस्कला नाही.

पुन्हा घड्याळ लावा. डिस्क जागी राहिली तर तुमचं काम झालं, पुढचं वाचायची गरज नाही. तरी झोपली, तर टायमर चिपमध्ये आहे. काही कंपन्या आपल्या डिस्कसोबत एक छोटं युटिलिटी देतात, त्यात झोपेची मुदत बदलता येते. ते असेल तर आधी तेच वापरा. नसेल तर चिपला वाटलं पाहिजे की काम चालू आहे. त्यासाठी ही स्क्रिप्ट.

पहिल्यांदा नोटपॅडने त्या डिस्कवर 'जाग' नावाची एक रिकामी टेक्स्ट फाइल करून ठेवा. स्पेलिंग जे, ए, ए, जी. मग नोटपॅडमध्ये नवीन पान उघडून हे लिहा. डिस्कचं अक्षर ई धरलं आहे, तुमचं वेगळं असेल तर ते घाला.

@एको ऑफ
:पुन्हा
इफ एक्झिस्ट ई:\जाग.टीएक्सटी एको %टाइम% > ई:\जाग.टीएक्सटी
टाइमआउट /टी २४० /नोब्रेक > एनयूएल
गोटू पुन्हा

दुसऱ्या ओळीत कोलनपुढे एक नाव आहे, शेवटची ओळ त्या नावावर परत उडी मारते. नाव काहीही ठेवा, दोन्हीकडे तेच लिहा. मधली ओळ दर वेळी आत्ताची वेळ फाइलमध्ये टाकते. २४० म्हणजे सेकंद, म्हणजे चार मिनिटं. डिस्क दहा मिनिटांनी झोपत असेल तर चार मिनिटं पुरेशी आहेत, पाच मिनिटांनी झोपत असेल तर २४०च्या जागी १२० घाला. मोजलेल्या मुदतीच्या निम्म्याहून थोडं कमी, असा माझा हिशेब असतो.

'इफ एक्झिस्ट' मुद्दाम घातलं आहे. तुम्ही डिस्क काढली आणि मैत्रिणीचा पेनड्राइव्ह लावला, त्यालाही ई हेच अक्षर मिळालं, तर हा तपास नसताना स्क्रिप्ट तिच्या पेनड्राइव्हवर फाइल लिहीत बसेल. जाग नावाची फाइल सापडली तरच लिही, असं सांगितल्यामुळे ते टळतं.

सेव्ह करताना खाली 'ऑल फाइल्स' निवडा आणि नावाच्या शेवटी डॉट बी-ए-टी लिहा. नाहीतर नोटपॅड मागे डॉट टीएक्सटी चिकटवतं आणि फाइलवर दोनदा क्लिक केलं की ती नुसती नोटपॅडमध्येच उघडते. पहिल्यांदा करणारे जवळजवळ सगळे इथे अडकतात.

ही फाइल सी ड्राइव्हवरच ठेवा, बाहेरच्या डिस्कवर नाही. डिस्कवरून चालवली तर काळी खिडकी त्याच डिस्कच्या फोल्डरमध्ये पाय रोवून बसते आणि डिस्क सुरक्षितपणे काढायला गेलं की विंडोज 'वापरात आहे' म्हणून नकार देतं. कारण शोधण्यात माझा एक अख्खा रविवार गेला होता.

संगणक चालू होताच स्क्रिप्ट सुरू व्हायला हवी असेल तर विंडोज की आणि आर दाबा, 'शेल:स्टार्टअप' लिहा आणि जे फोल्डर उघडेल त्यात या फाइलचा शॉर्टकट ठेवा. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रन' समोर मिनिमाइज्ड निवडलं की खिडकी डोळ्यांसमोर येत नाही. काम झालं की खिडकी बंद करायची, डिस्क तिच्या वेळेला झोपेल.

मॅक

इथे फारसं काही नाही. टर्मिनलमध्ये 'सूडो पीएमसेट -ए डिस्कस्लीप ०' लिहिलं की झाला बंदोबस्त, आकडा इथेही मिनिटांचा. 'पीएमसेट -जी' लिहिलं की सध्याची मुदत दिसते. चिपच ऐकत नसेल तर वरच्यासारखीच थोड्या-थोड्या वेळाने एक फाइल लिहिणारी स्क्रिप्ट करायची.

रास्पबेरी पाय आणि लिनक्स

खरी मजा इथे आहे, कारण इथे डिस्कशी थेट बोलता येतं. आमच्या घरी टीव्हीमागे जे आहे ते रास्पबेरी पाय ४, म्हणजे लिनक्सवर चालणारा छोटासा संगणक आहे, त्याला दोन डिस्क जोडलेल्या: एक फोटो-व्हिडिओंची, दुसरी बॅकअपची. पाय ४च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून साधारण १.२ अँपिअरच करंट मिळतो. पोर्टवरच चालणाऱ्या दोन २.५ इंची डिस्क एकाच क्षणी उठल्या तर तेवढ्यात भागत नाही, डिस्क मध्येच गायब होते. दोन डिस्क असतील तर वेगळ्या अ‍ॅडॅप्टरचा यूएसबी हब घ्या. हा खर्च टाळू नका, कारण लिहिता लिहिता वीज तुटली तर फाइली खराब होतात.

आधी डिस्कचं नाव बघा:

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल

'नेम', 'साइझ', 'मॉडेल' मोठ्या अक्षरांत. मेमरी कार्ड एमएमसीबीएलके० म्हणून दिसतं, बाहेरच्या डिस्क एसडीए, एसडीबी अशा. ही ए-बी अक्षरं रीस्टार्टनंतर बदलू शकतात. म्हणून स्क्रिप्टमध्ये कायमचं नाव घालायचं. ते '/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी' या फोल्डरमध्ये मिळतं, 'यूएसबी-'ने सुरू होणारं लांबलचक नाव, त्यात कंपनी आणि सीरियल नंबर असतो. खाली मी सोयीसाठी एसडीए-एसडीबी लिहिलंय, तुम्ही लांब नावच वापरा.

आता एचडीपार्म, म्हणजे डिस्कला थेट हुकूम देणारी आज्ञा. अक्षरं एच, डी, पी, ए, आर, एम. 'सूडो एपीटी इन्स्टॉल एचडीपार्म' लिहून घेता येतं. त्याचे तीनच पर्याय आपल्याला लागतात. मोठा सी अवस्था सांगतो, छोटा वाय आत्ता लगेच झोपवतो, मोठा एस मुदत लावतो. मोठा वाय वापरू नका. तो डिस्कला इतक्या गाढ झोपेत टाकतो की रीसेट केल्याशिवाय ती उठत नाही.

सूडो एचडीपार्म -सी /डेव्ह/एसडीए

उत्तर 'ॲक्टिव्ह/आयडल' आलं तर डिस्क जागी आहे, 'स्टँडबाय' आलं तर झोपली आहे. 'बॅड/मिसिंग सेन्स डेटा' असं काही आलं तर डबीतली चिप ही भाषा पुढे पोचवतच नाही. मग एचडीपार्मचा नाद सोडायचा, त्याचा उपाय खाली आहे.

मुदत लावायची ओळ अशी:

सूडो एचडीपार्म -एस २४१ /डेव्ह/एसडीए

इथे जरा थांबा, कारण हा आकडा मिनिटांचा नाही आणि सेकंदांचाही नाही. १ ते २४० मधला आकडा पाच सेकंदांनी गुणायचा: १२० म्हणजे दहा मिनिटं, २४० म्हणजे वीस. २४१ पासून २५१ पर्यंत मोजणीच बदलते, तिथे प्रत्येक पायरी अर्ध्या तासाची: २४१ म्हणजे अर्धा तास, २४२ म्हणजे एक तास, २५१ म्हणजे साडेपाच तास. शून्य म्हणजे मुदतच नाही. दहा मिनिटं हवीत म्हणून कुणी सरळ १० लिहिलं, तर डिस्क पन्नास सेकंदांत झोपते. एका नातेवाइकांच्या डिस्कवर मी नेमकं हेच करून आलो होतो. महिन्याभराने त्यांनी फोन केला, "अरे, ही सारखी टिक् टिक् का करते?" त्या महिन्यात ती किती हजार वेळा झोपून उठली असेल या विचाराने आजही वाईट वाटतं.

ही मुदत वीज गेली की बहुतेक डिस्क विसरतात. म्हणून ती दर वेळी चालू होताना पुन्हा लावायची. ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या क्रॉनची यादी 'सूडो क्रॉनटॅब -ई'ने उघडून शेवटी ही ओळ टाका:

@रीबूट स्लीप ३०; /यूएसआर/एसबिन/एचडीपार्म -एस २४१ /डेव्ह/एसडीए

तीस सेकंदांचं थांबणं डिस्क ओळखली जावी म्हणून. आणि एचडीपार्मचा पूर्ण पत्ता देणं आवश्यक आहे, कारण क्रॉन सहसा यूएसआर/बिन आणि बिन या दोनच फोल्डरांत आज्ञा शोधतं, यूएसआर/एसबिन हे तिसरं त्याच्या यादीत नसतं. हाताने चालवलेली स्क्रिप्ट चालते आणि रात्री क्रॉनमधून चालत नाही, या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

चिप एचडीपार्मचं ऐकत नसेल तर एचडी-आयडल नावाचा छोटा प्रोग्रॅम घ्या, तोही एपीटीने मिळतो. तो डिस्कला मुदत शिकवत बसत नाही. डिस्कवर किती वाचन-लेखन झालं याची लिनक्सने ठेवलेली नोंद स्वतः बघतो आणि ठरलेला वेळ काहीच हाललं नाही की थांबण्याची आज्ञा वेगळ्या भाषेत पाठवतो, जी अनेक चिपना कळते. '/ईटीसी/डीफॉल्ट/एचडी-आयडल' या फाइलमध्ये एचडी_आयडल_ऑप्ट्ससमोर अवतरणचिन्हांत लिहा:

-आय ० -ए एसडीए -आय ९००

पहिला शून्य सांगतो की बाकी कुठल्याही डिस्कला हात लावू नको. पुढचा भाग एसडीएसाठी ९०० सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं, ठरवतो. त्याच फाइलमध्ये 'स्टार्ट'ने सुरू होणारी ओळ असेल तर तिच्यापुढे 'ट्रू' करा आणि सेवा रीस्टार्ट करा.

आता बॅकअपची डिस्क. तिला मुदत वगैरे नकोच. रात्री उठ, काम कर, झोप, इतकंच. ही स्क्रिप्ट मला सगळ्यात आवडते:

#!/बिन/एसएच
माउंट /एमएनटी/बॅकअप || एक्झिट १
आरसिंक -ए /एमएनटी/फोटो/ /एमएनटी/बॅकअप/फोटो/
सिंक
यूमाउंट /एमएनटी/बॅकअप && /यूएसआर/एसबिन/एचडीपार्म -वाय /डेव्ह/एसडीबी

पहिल्या कामाच्या ओळीतला 'एक्झिट' तुमचं मेमरी कार्ड वाचवतो. डिस्क जोडलीच गेली नाही तर 'बॅकअप' हे कार्डावरचं एक साधं रिकामं फोल्डर असतं, आणि आरसिंक निमूटपणे सगळे फोटो त्यात ओतून कार्ड भरून टाकेल. 'सिंक' मेमरीत रेंगाळलेलं सगळं डिस्कवर उतरवतो. 'यूमाउंट'चं स्पेलिंग नीट बघा, यू नंतर थेट एम, मध्ये एन नाही. दोन 'ॲण्ड' चिन्हांचा अर्थ असा की डिस्क नीट सुटली तरच तिला झोपव. एसडीबी ही अख्खी डिस्क, एसडीबी१ हा तिच्यावरचा भाग. माउंट होतो, म्हणजे फोल्डरला जोडला जातो, तो भाग; झोपते ती अख्खी डिस्क.

त्यासाठी '/ईटीसी/एफस्टॅब'मध्ये या डिस्कच्या ओळीत 'नोऑटो' लिहिलेलं असावं, म्हणजे पाय चालू होताना ती आपोआप जोडली जाणार नाही. फाइलला 'सीएचमॉड +एक्स'ने चालवण्याची परवानगी द्या आणि क्रॉनटॅबमध्ये '३० २ * * *' लिहून पुढे तिचा पत्ता द्या. मग ती रोज पहाटे अडीचला चालेल. पहिले दोन-तीन दिवस सकाळी उठून फोटो खरंच उतरले आहेत का ते उघडून बघा.

लिनक्सवर डिस्क जागी ठेवायची असेल तर क्रॉनटॅबमध्ये एकच ओळ पुरते:

*/४ * * * * माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/फोटो && टच /एमएनटी/फोटो/.जाग && सिंक

तेच ते वाचत राहिलं तर लिनक्स उत्तर मेमरीतूनच देतं, डिस्कपर्यंत हाक जातच नाही. म्हणून इथे वाचण्याऐवजी लिहिलं आहे, आणि शेवटी 'सिंक' आहे.

आठ दिवसांनी मोजणी करा. 'सूडो एपीटी इन्स्टॉल स्मार्टमॉनटूल्स' करून:

सूडो स्मार्टसीटीएल -ए -डी सॅट /डेव्ह/एसडीए

यातला पहिला ए मोठा, डी छोटा. जी यादी येते तिच्यात ४ क्रमांकाची ओळ म्हणजे मोटर किती वेळा चालू-बंद झाली, आणि १९३ क्रमांकाची म्हणजे हेडं किती वेळा उतारावर जाऊन बसली. शेवटच्या रकान्यातला आकडा तारखेसकट वहीत लिहा, आठवड्याने पुन्हा बघा. ४ क्रमांकाच्या ओळीतली वाढ दिवसाला पाच-दहा असेल तर काही करू नका. शंभराच्या वर असेल तर मुदत वाढवा. ४ स्थिर आणि १९३ मात्र भराभर वाढतोय, असं दिसलं तर डिस्क झोपत नाही, पण वीज वाचवायला हेडं सारखी पार्क करते. त्यासाठी 'सूडो एचडीपार्म -बी २५४ /डेव्ह/एसडीए' करून बघा, बी मोठा. चिपने ते पोचवलं तर दुसऱ्या दिवशीच १९३चा वेग उतरलेला दिसेल.